बोळातला गरम वारा

माझ्या जावेच्या खोलीतली गरम हवा माझ्या स्वयंपाकघरात येते आणि माझी पोरगी तिच्या गार हवेत जाते. असा आमच्या महाळुंग्याच्या घरचा न्याय आहे.

दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा बोळाच्या अलीकडची बाजू मी भांडून घेतली. बोळातला आंबाही माझ्याच वाट्याला आला. पण त्याच्या फांद्या जावेच्या, मोनिकाच्या अंगणावर वाकलेल्या. पाणी मी घालायचं आणि कैऱ्या हिने वेचायच्या! एक दिवस ती माहेरी गेलेली बघून मी माणसं बोलावली आणि झाड आडवं केलं. मग तिच्या भिंतीवर दिवसभर ऊन यायला लागलं, तिने एसी घेतला आणि त्याचा बाहेरचा डबा बरोबर माझ्या ओट्यासमोर लटकवला. मी तिथे कंपनीतल्या पोरांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटते. मे महिन्यात गॅस परवडला, पण तो फुफाटा नको.

तोही सोसला असता. पण मिनल, माझी सातवीतली लेक, सुट्टी लागल्यापासून दुपारी जेवली की उशी उचलते आणि बोळापलीकडे काकीकडे झोपायला जाते. मोनिकाला मूलबाळ नाही, हे मला कळतं. म्हणून काय माझंच घ्यायचं?

त्या दुपारी शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून मोबाइलवर प्रश्न पाठवले होते. मिनल उशी काखेत मारून निघाली. "काकीला विचारते. तिला सगळं माहीत असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आन् मी काय अडाणी हाय व्हय? मला इचार की."

"बरं, सांग. पृथ्वी का तापतेय?"

"तुझ्या काकीसारख्यांमुळं! एसीला वीज लागती, विजेसाठी कोळसा जाळत्यात. त्या धुराची पृथ्वीवर गोधडी पडती. उन्हाची ऊब आत येती, पर बाहेर जात न्हाई. आन् तू तिथंच लोळायला जातीस."

गोधडीचं मला मिनलनेच सांगितलं होतं, आणि तिला काकीने. पण ते आता कोण आठवतंय? पोरीचा चेहरा पडला. ती गेली आणि थोड्या वेळाने बोळातली घरघर बंद झाली. मला इतका आनंद झाला की मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून पोरीसाठी चटई अंथरली, पंखा मोठा केला. पोळी करपली.

मिनल परत आली. "आई, पुढचा प्रश्न. झाडं कमी झाली की काय होतं? काकी म्हणाली, बोळात आंबा होता तेव्हा तिची खोली पंख्यावरच गार व्हायची."

मी करपलेली पोळी उचलून बाजूला टाकली. "आन् आंब्याचं काय झालं म्हनली?"

"वादळात पडला म्हणाली. मी लहान होते ना तेव्हा? खरंच वादळ आलं होतं?"

मोनिकाने माहेराहून येऊन कुऱ्हाडीचे घाव बघितले होते. तेव्हाही ती माझ्याशी भांडली नव्हती. बाईने चार शिव्या घातल्या असत्या तर मी आठ दिल्या असत्या. हिने पोरीसमोर माझी अब्रू राखली, आणि त्याने मी जास्तच जळले.

"व्हय," मी म्हटलं. "लई मोठं वादळ आलं व्हतं."

"मग तेच लिहिते."

तेवढ्यात दारात मोनिका. हातात उशी, मानेवर घामाच्या धारा. "नीलाताई, येऊ का? मिनलने माझा एसी बंद केलाय. तिकडं लई उकडतंय."

"ये," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मिनलने चटईवर आम्हा दोघींच्या मधे जागा केली आणि पडल्या पडल्या काकीच्या गळ्यात हात टाकला. माझ्याकडे तिची पाठ होती.