अर्ध्या सेंटिमीटरचा घोळ

रवींद्ररावांनी नागपूरहून अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नपर्यंत अर्धं रॉकेट मांडीवर आणलं. होतं कागदाचंच, पण थाट असा की जणू आत अंतराळवीर बसलेत. विमानात हवाईसुंदरी खोकं वर ठेवायला आली तर हे तिच्यावरच खेकसले, "हात लावू नका हो!" विमानतळावर लेकीच्या, आश्लेषाच्या हातात आधी खोकं दिलं आणि मग तिची विचारपूस केली.

आई गेल्यापासून बापलेकीचा हा उद्योग चालला होता. इंटरनेटवरचा एकच आराखडा दोघांनी आपापल्या घरी छापला. खालचा भाग बाबांचा, वरचा तिचा, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर कापाकापी. एरवी "जेवलात का?"च्या पुढे न सरकणारं बोलणं हातात कात्री आली की तासभर चालायचं. जोडणी मात्र अ‍ॅशबर्नला करायची, हे तिनंच ठरवलं होतं. एकदा आले की हिवाळाभर ठेवूनच घ्यायचं, हा तिचा डाव. नागपूरच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटेच टीव्हीशी भांडत बसतात, हे तिला बघवत नव्हतं.

पण बाबा आले ते परतीचं तिकीट काढूनच. तेही येत्या शनिवारचं! थांबा म्हटलं की म्हण तयार, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." घ्या!

रविवारी चहा झाल्यावर जोडणीला बसले. तिचा भाग बाबांच्या भागावर घट्ट बसायला हवा होता, तो गपकन आतच गेला.

"हे काय गं?" बाबांनी फूटपट्टी लावली. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक.

अमेरिकेतला कागद आपल्या ए-फोरपेक्षा उंचीला आखूड. आराखडा पानात मावावा म्हणून तिच्या प्रिंटरनं सगळंच गुपचूप बारीक करून टाकलं होतं. दिवसभर डेटा सेंटर सांभाळणाऱ्या बाईच्या हे लक्षात येऊ नये! तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, मधे एक पट्टी चिकटवू या ना. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," म्हणून बाबा खोलीत निघून गेले. रॉकेटही गेलं आणि बाबाही चालले, असं वाटून आश्लेषाला रडूच फुटलं.

सकाळी ती उठून बघते तर बाबा डायनिंग टेबलवर कात्री, गोंद, फूटपट्टी मांडून बसलेले.

"तुझा प्रिंटर सुरू कर. खालचा भाग मी परत करतो, तुझ्या मापानं."

"अहो, तुमचा इतका सुरेख झालाय! चूक माझी आहे, मीच माझा परत करते."

"ए-फोर इथं कुठं शोधत बसणार? आणि ती एवढीशी खिडकी कसली नाजूक कापलीयस तू! ती काय फेकून द्यायची?"

बाबांनी असं तोंडभरून कौतुक कधी केलं होतं, तिला आठवेना. ती हळूच म्हणाली, "पण बाबा, याला दोन-तीन महिने लागतील. तुमचं तिकीट शनिवारचं आहे."

"मग बदल की ते."

आश्लेषाला हसू आणि रडू एकदमच आलं. "आणि तुमची ती पाहुण्याची म्हण?"

"पाहुणा कधी कात्री घेऊन बसतो का गं?" बाबा चष्मा पुसत म्हणाले. "चल, कागद भर."