अडतीस मीटर

मी पाइप बोलतोय. पाण्यासाठी घडवलेला, पण पाणी अजून न पाहिलेला. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे विटांनी बांधलेला एक खड्डा आहे. त्यात माझं तोंड उघडं पडलं आहे. उघडं म्हणजे, त्यावर लोखंडी तबकडी बोल्टांनी आवळलेली आहे. बाकीचा मी मातीखाली. खड्ड्याच्या झाकणाच्या फटीतून येईल तेवढंच माझं जग.

कारखान्यातून निघालो तेव्हा गर्द जांभळा होतो. शहराने वापरून टाकलेलं पाणी शुद्ध करून बागांना आणि कारखान्यांना न्यायचं, म्हणजे पिण्याचं पाणी घरांसाठी उरेल, असा बेत होता. ते पाणी चुकून कुणी प्यायला घेऊ नये म्हणून आमचा रंग वेगळा. मला त्या रंगाचा तेव्हा अभिमान होता.

आम्हा सगळ्यांना एकदमच विकत घेतलं गेलं. ते ठरवलं कात्रीबाईंनी. प्रकल्पाच्या खर्चाची जबाबदारी त्यांच्यावर; समोर आलेल्या अंदाजपत्रकातून काहीतरी छाटल्याशिवाय त्या सही करत नसत, म्हणून हे नाव. लोखंडाचे भाव दर महिन्याला चढत होते. आज घेतले तर पैसे वाचतील, असं त्या म्हणाल्या आणि ते खरंही होतं. पण पाइप आले आणि खणायला पैसे उरले नाहीत. दोन वर्षं मी गोदामाच्या आवारात पडून होतो. उन्हाकडची बाजू फिकी झाली. एक मांजर माझ्यात दोनदा व्याली.

तिथेच मुकादम आबा भेटले. रोज एक फेरी मारायचे, हातात लहानशी हातोडी. प्रत्येकाला ठोकायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. तडा गेलेला पाइप बद्द वाजतो, धड असलेला घणघणतो. मला ठोकून म्हणायचे, "आहेस ना रे ठीक?" आणि पुढे जायचे.

मग खणण्यासाठी निधी मंजूर झाला. देणाऱ्या खात्याची अट एकच होती: जमिनीत गेलेला एकेक किलोमीटर दाखवा आणि पुढचा हप्ता घ्या. एकूण लांबी बारा किलोमीटर. चार सरळ पार पडले आणि रूळ आडवे आले. रुळांना धक्का न लावता खालून भोक पाडायचं होतं. फक्त अडतीस मीटर. पण खर्च रस्त्याकडेच्या अख्ख्या किलोमीटरएवढा.

कात्रीबाई आणि आबा माझ्या पाठीवर टेकूनच बोलले.

"आबा, हे सोडून पलीकडे जाऊ. सोपी लांबी आधी उरकू. येणाऱ्या हप्त्यांतून थोडं थोडं वाचवून मधलं करू."

"ताई, तुमची कात्री आजवर कागदावर चालली. आता लाइनच कापताय."

"मग काय करू? अडतीस मीटरसाठी वर्षभर अडून बसले तर खातं म्हणेल, यांना कामच करायचं नाही. पैसा दुसऱ्या शहराला जाईल."

आठ दिवसांत मला रुळांच्या अलीकडे पुरलं आणि तोंडाला तबकडी लावली.

पलीकडे काम झपाट्याने झालं. पण वाचवायचं काही जमलं नाही. हप्त्यातून जे उरायचं ते खातं पुढच्या हप्त्यातून कापून घ्यायचं. काटकसर करणाऱ्या बाईला काटकसरीचाच उपयोग होईना. शेवटी बाकी राहिले ते अडतीस मीटर, आणि अडतीस मीटरला हप्ता नसतो.

आबा तरी आठवड्यातून एकदा झाकण उचलायचे, वाकून हातोडी मारायचे. पुढे त्यांचा खोकला आधी ऐकू यायचा, मग हातोडी. मग कितीतरी दिवस काहीच नाही.

एका सकाळी झाकण सरकलं. हातोडी तीच होती, हात दुसरा होता. आबा गेल्याचं मला असं कळलं.

कात्रीबाई शिडीवरून सावकाश खाली उतरल्या. वर काठावर नवे साहेब उभे होते, हातात फाइल.

"ताई, कशाला उतरताय? बारा किलोमीटरांत अडतीस मीटर म्हणजे काहीच नाही. पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करा आणि मोकळ्या व्हा. पुढच्या महिन्यात निवृत्त होताय."

"पलीकडच्या बागेत पाणी येतं का?"

"पाण्याचा रकाना दाखल्यात नाहीच. लांबीचा आहे."

"माहीत आहे. तो तक्ता मीच केलाय."

साहेबांचा आवाज खाली आला. "अपूर्ण लिहिलंत तर खातं हप्ते परत मागेल. चौकशी लागेल. तुमचं पेन्शन अडकेल, ताई."

"आणि पूर्ण लिहिलं तर?"

"तर योजना बंद. विषय संपला."

"हो. झालेल्या कामाला पुन्हा कोण पैसे देईल?" त्यांनी हातोडी हातात फिरवली. "नवरा होता, घरात दोघं होतो तेव्हा पेन्शनची घाई होती. आता एकटीला लागतं किती?"

त्यांनी हातोडी मारली. मी घणघणलो. आवाज माझ्या अंगातून लांबवर गेला आणि तसाच परत आला.

"ऐकलंत?"

"काय?"

"रिकामा आहे."

त्यांनी फाइल खाली मागून घेतली, माझ्यावर टेकवली आणि लिहिलं. लिहिता लिहिता पुटपुटल्याही, म्हणून मला कळलं: काम अपूर्ण, रुळांखालचे अडतीस मीटर बाकी, मध्ये सोडण्याचा निर्णय माझा. मग सही. शिडीला हात लावताना त्यांनी हातोडी माझ्या अंगाशी ठेवली आणि त्या वर गेल्या.

खात्याने काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. पेन्शनचं काय झालं, तेही नाही. हातोडी अजून इथेच आहे. दांड्यावर बुरशी आली आहे, माझ्या बोल्टांवर गंज. वरून गाडी गेली की आम्ही दोघं थोडे हलतो.

पुन्हा कुणी दाखला घेऊन आलात तर एवढंच करा. खाली उतरा आणि ही हातोडी एकदा माझ्यावर मारा. मी फार थकलो आहे, पण जसा आहे तसाच वाजेन.