रक्त काढण्याच्या खोलीतली खुर्ची

मित्रांनो, मी इस्पितळातली एक जुनी खुर्ची आहे. हात टेकायला रुंद पट्ट्या, मागे रेलणारी पाठ, हिरवेगार रेक्झिन. नवी आले तेव्हा सफाईवाल्या मावशी मला 'राणीसाहेब' म्हणत. माझ्यावर बसवून लोकांचे रक्त काढत.

दर सोमवारी एक पेंटर येई. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, बोलघेवडा माणूस. त्याच्या बोटांचे सांधे सुजलेले, कातडी तांबूस-करडी. शिडीवर उन्हात रापलो, असेच तो समजत होता. थकवा येतो म्हणून त्याने लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या रिचवल्या होत्या, आणि अंगात मुळातच लोह साठलेले!

"जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नसते, दादा," सिस्टरने सांगितले. "तुमचं आतडं गरजेपेक्षा जास्त शोषतं. मग ते यकृतात, हृदयात, सांध्यांत साचतं. एक सदोष जनुक आईकडून आलं, एक वडिलांकडून. त्यांच्याकडे एकेकच होतं, म्हणून त्यांना त्रास झाला नाही."

"वाटणीत मला दोन्ही आली म्हणायची!" तो हसला. मग सिस्टरकडे वळून म्हणाला, "आणि आमच्या ताईला?"

"चारात एक शक्यता. तपासायला आणा."

दर आठवड्याला रक्त काढणे हाच त्याचा उपचार; रक्त काढले की नवे रक्त बनवायला शरीर साठ्यातले लोह वापरते. पण त्याचे यकृत आधीच निबर झाले होते. तिथेच पुढे कर्करोग निघाला.

ताई त्याला सोडायला येई आणि दारातच थांबे.

"ताई, थोडंसं रक्त तर द्यायचंय."

"मला काय धाड भरलीय? तू आधी बरा हो."

तो बरा झाला नाही. एका सोमवारी ताई एकटीच त्याचे कागद न्यायला आली. सिस्टरने तिला पुन्हा तपासणीचे विचारले. ती नकारार्थी मान हलवून निघून गेली.

पाच वर्षांनी ती माझ्यावर बसली. पोटात पाणी झालेले, बोटे आखडलेली.

"तेव्हाच आले असते तर?" तिने विचारले.

सिस्टर शीर शोधत राहिल्या.

आता माझे रेक्झिन फाटले आहे, मी जिन्याखाली पडून आहे. मित्रांनो, वेळेवर आलेली माणसे रक्त देऊन थेट कामावर जाताना मी पाहिली आहेत. तुमच्या घरात कुणाला हा लोह साठण्याचा आजार निघाला, तर सख्ख्या भावंडांना तपासणीला घेऊन या. नाही म्हणाली तर हाताला धरून आणा. पेंटरने ताईला फार गोडीत सांगितले होते.