बाबांनी आधीच पाहिलेला देश

बाबांना देश दाखवायचाच, असा मी चंग बांधला होता. जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेला माणूस. गावाबाहेर पडले ते फक्त आईच्या आजारपणात, शेवटच्या वर्षी, तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला. आई गेल्यावर तेवढंही थांबलं. म्हणून मी भाड्याची गाडी घेतली. आधी बंदराचं शहर, मग डोंगरातली खेडी, शेवटी तळ्याकाठचं गाव.

बंदरावर गाडी लावतेय तोच बाबा म्हणाले, "दीपगृहाला मागून जाऊ. पुढच्या पायऱ्या फार उंच आहेत." मागे खरंच सोपी वाट निघाली. टीव्हीवर पाहिलं असेल, असं मी मनाला समजावलं. मग डोंगरात एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. म्हणे इथून झरा दिसतो. आणि दिसला. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. दादाला फोन केला, तर तो म्हणतो कसा, "वय झालंय गं, काहीतरी बोलत असतील." अरे, पण झरा होता ना तिथे! त्याचं काय करू?

तळ्याकाठच्या लॉजवर मालकीणबाई किल्ली देता देता थबकल्या. "टेलरकाका ना तुम्ही? काकू नाही आल्या?"

"ती गेली," बाबा म्हणाले. "इथून परतलो, त्याच हिवाळ्यात."

मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या वर्षी आई-बाबा दर महिन्याला उपचारांना जायचे. मी रजा काढून सोबत येते म्हटलं की आई म्हणायची, तू तुझी नोकरी सांभाळ. परतायची तेव्हा दमलेली असायची, पण चेहरा टवटवीत. औषध लागू पडतंय, असं मी साऱ्या नातेवाइकांना सांगत सुटले होते.

खोलीत शिरल्या शिरल्या मी दार लावलं. "बाबा, तुम्ही दवाखान्यात जात होतात की नव्हतात?"

"पहिल्यांदा गेलो. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही." बाबा खाटेवर टेकले. "बाहेर बाकावर बसलो होतो. तुझी आई म्हणाली, एवढ्या लांब आलोच आहोत तर समुद्र बघू. मग दर महिन्याला एकेक जागा."

"आणि मी इकडे खुळ्यासारखी तिची औषधं मोजून डब्यात भरत होते. मला का नाही सांगितलंत?"

मला भयंकर राग आला होता. त्या रागातच, आईने समुद्र पाहिला याचं बरंही वाटत होतं. यातलं खरं कुठलं, तेच कळेना.

बाबांनी चपला काढून खाटेखाली सरकवल्या. "सांगितलं असतं, तर तू तिला अंथरुणातून उठू दिलं असतंस?"

भांडायला म्हणून मी तोंड उघडलं.

"नसतं दिलं," मी म्हटलं.