म्हातारं हाड

काम्शात फक्त एका माणसाच्या शोधात होती, तेही अर्ध्या दिवसापुरत्या. गुरुवारी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "न्यायला कुणी आलं नाही तर घरी सोडणार नाही." अल्माटी शहरात तिच्या ओळखी पुष्कळ. पण ओळख आणि हक्क ही दोन वेगळी खाती असतात, हे एकट्या राहणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून ती मेरुएर्तच्या घरी आली होती. विद्यापीठाच्या रग्बी संघातल्या मुली, म्हणजे आताच्या बाया, पंचवीस वर्षांनी तिथे जमल्या होत्या. स्क्रमच्या, म्हणजे खांद्याला खांदा भिडवून रेटायच्या झुंडीच्या, पुढच्या रांगेत काम्शात मधली. एका बाजूला मेरुएर्त, दुसऱ्या बाजूला गाउखार. जेवण झालं की मेरुएर्तला स्वयंपाकघरात गाठून विचारायचं, हे तिने ट्रॉलीबसमध्येच ठरवलं होतं.

"काय गं, लंगडतेस? अजून आडवं करतेस की काय कुणाला?" गाउखार दारातच ओरडली.

"करते ना, बसमधल्या बाप्यांना. जागा कुठे देतात मेले!"

हशा झाला, आणि गुडघ्याचा विषय त्या हशातच संपला.

मग प्रत्येकीने आपापली जमेची बाजू मांडली: मुलाची नोकरी, सुनेचे नखरे, नातवाचे दात. काम्शातचा नंबर आला तेव्हा कुणीतरी चहा ओतायला उठलं.

मांसाचं मोठं ताट आलं. ज्याच्या-त्याच्या मानाचं हाड ज्याच्या-त्याच्या पुढ्यात, तसं मेरुएर्त जावयाच्या गप्पा मारत मारत वाढत होती. काम्शातच्या पुढ्यात मेंढीच्या पुढच्या पायाचं हाड पडलं. त्याचं नाव म्हातारं हाड. बिनलग्नाच्या मुलीला ते कुणी वाढत नाही. खाल्लं तर ती जन्मभर तशीच राहते म्हणतात.

"अगं ए बये! तिला ते काय वाढतेस?" गाउखार किंचाळली.

मेरुएर्त लालबुंद झाली. "अगं बाई, चुकलंच! माझ्या डोक्यातच आलं नाही."

डोक्यात आलं नव्हतं, हे खरंच होतं. मेरुएर्तच्या हिशेबी काम्शातच्या लग्नाचं खातं कधीच मिटलं होतं.

आता सगळ्याजणी भरपाईला लागल्या. एकीचा विधुर दीर निघाला, दुसरीने शिमकेंतचा एक दंतवैद्य काढला.

"दात मात्र त्याचे स्वतःचे नाहीत हं," गाउखार म्हणाली.

काम्शात सगळ्यांबरोबर हसली. आता गुरुवारचं काढलं, तर मेरुएर्त येईल. नक्की येईल, चूक भरून काढायला, डोळे पुसत, सफरचंदं घेऊन. काम्शातला ती तशी नको होती.

"राहू दे गं ते हाड," ती म्हणाली. "सेहेचाळिसाव्या वर्षी आणखी काय राहायचंय?" आणि तिने ते चाटूनपुसून साफ केलं. स्वयंपाकघराकडे ती फिरकलीच नाही.

निघताना मेरुएर्तने उरलेलं मांस पिशवीत भरून दिलं, इतरांपेक्षा चांगलं दुप्पट.

"एकटीला चार दिवस पुरेल. आणि काही लागलं तर सांग हं, लाजू नकोस."

दारातून गारठा आत येत होता. मेरुएर्तने शाल आवळून घेतली.

"सांगेन की," काम्शात म्हणाली.

कठडा धरून ती एक जिना उतरली. मग तिथेच थांबून तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि गुरुवार जमणार नाही म्हणून सांगितलं. घरी पाहुणे यायचे आहेत, म्हणाली.