टोपराचा दोरा

माझ्या लेकाच्या, टुकाईच्या मुखेभाताला, पहिला भात भरवायच्या दिवशी, टोपर हवं होतं: डोक्यावरचा उंच पांढरा मुकुट. बाजारात थर्मोकोलची ढिगाने मिळतात. पण मी टोपरं घडवणाऱ्या मालाकाराची मुलगी, शोला या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या भुशात रांगलेली.

मी बाबांना दोरा पाठवला. चिठ्ठी नाही, टुकाईच्या डोक्याभोवती फिरवून गाठ मारलेला नुसता दोरा, काटव्याच्या बसच्या कंडक्टरजवळ. माप चार वेळा घेतलं. तरी धाकधूक होतीच: सैल झालं तर डोळ्यांवर येईल, घट्ट झालं तर टाळूवर दाबेल.

दोन वर्षांत बाबा माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. गावातल्या प्रत्येक नवरदेवाचं टोपर त्यांच्या हातचं, आणि त्यांच्या परजातीच्या जावयाने उघड्या डोक्याने कचेरीत लग्नाची सही केली.

कॉलेजात असताना मी शब्दकोश बघून त्यांना सांगितलं होतं, "बाबा, टोप, टोपी, टोपर ही एकाच घरची भावंडं दिसतात. मूळ कुठलं, ते पंडितांनाही नक्की नाही."

ते शोला तासत म्हणाले, "माझे आजोबा बैलगाडीच्या छतालाही टोपरच म्हणायचे. डोक्यावर सावली धरतं ते टोपर. झालं तुझं मूळ!" मग हसून, "पुरुषाला दोनदाच मिळतं बघ. पहिला भात तोंडात जातो तेव्हा, अन् बायको येते तेव्हा. मधली सगळी वर्षं बोडकाच."

त्यांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाचा दोरा ते टोपरात घालून परत देत; कार्य उरकलं की टोपराबरोबर तोही नदीत सोडला जाई. घरच्या मुलांचे दोरे मात्र ते ठेवून घेत, भिंतीतल्या खिळ्यावर. दादाचा तिथे आहे. माझाही होता.

पहिला घास मामाने द्यायचा. दादाला फोन केला तर "बघतो" म्हणाला.

"बौमा, दारात किती उभी राहशील? पायसावर साय धरली," सासूबाई म्हणाल्या.

"बस येऊ दे, मा."

अकराला बस आली. कंडक्टरने खोका हातात दिला.

"कुणी उतरलं नाही?"

"खोकाच तेवढा उतरला, दीदी. तिकीटही नाही काढलं त्याने."

टोपर नेमकं बसलं. ना सैल, ना घट्ट.

"हात सोन्याचे हो म्हाताऱ्याचे! जिभेलाच काय झालंय कोण जाणे," म्हणत सासूबाईंनी शेजाऱ्याला हाक मारली, "हाबुल, ये रे. आज तू मामा."

"मामा झालो म्हणजे पुढे सायकल घ्यावी लागणार का, काकीमा?"

सगळे हसले. मी खोका घेऊन आतल्या खोलीत गेले. गवत उपसलं, वर्तमानपत्राच्या घड्या एकेक झटकल्या. मग बाहेर येऊन टुकाईच्या टोपराच्या आतल्या पट्टीखालून बोट फिरवलं. पुन्हा आत जाऊन तळ चाचपला.

"बौमा, वेळ चाललीय! हरवलंय काय तुझं?"

"काही नाही, मा."

दोरा कुठेच नव्हता. बाबांनी तो परत दिलाच नव्हता.

बाहेर शंख वाजला, बायकांनी जीभ हलवत मंगल उलूध्वनी केला. माझ्या मुलाच्या तोंडात पहिला घास गेला तेव्हा मी रिकामा खोका मांडीवर घेऊन एकटीच बसले होते.