जवखाण्याने कॉलेज दत्तक घेतलं

शनिवारी सकाळी आठला 'सामाजिक बांधिलकी'चा तास असायचा. त्या तासाला पोचायचं तर जळगावच्या त्या कॉलेजात आधी एक डबकं ओलांडावं लागे. टाकीचं सांडपाणी प्रयोगशाळेच्या दाराशी साचायचं आणि त्यात कुणीतरी पाच विटा टाकून ठेवल्या होत्या. तीन वर्षांत मृणालीला त्या विटा पाठ झाल्या होत्या. तिसरी डुगडुगते, चौथीवर पाय तिरका ठेवायचा. एवढं करून वर्गात गेलं, की योगराज सर 'ग्रामीण स्वच्छता : समस्या व उपाय' वाचून दाखवत.

विषय सक्तीचा, श्रेयांक दोन. ते नसले तर शेवटच्या वर्षाचा निकाल राखून ठेवतात. मृणालीला एम.एस्सी.ला जायचं होतं, म्हणून ती हात धुण्याच्या सहा पायऱ्या निमूटपणे वहीत उतरवत असे. हात ती लहानपणापासून धूत आली होती, पण त्याचे श्रेयांक आजवर कुणी दिले नव्हते.

जानेवारीत सरांनी जाहीर केलं, "यंदा आपण एक मागास गाव दत्तक घेतलंय. एरंडोल तालुक्यातलं जवखाणे."

मृणालीने हात वर केला. "सर, ते मागास नाही. माझं गाव आहे."

"वा! मग तुला समस्या शोधायला सोपं जाईल."

पुढच्या शनिवारी तीस पोरं, एक बॅनर आणि सर जवखाण्यात उतरले. ग्रामपंचायतीसमोर सरांनी दत्तक योजनेवर वीस मिनिटं भाषण केलं. ते संपल्यावर मृणालीचे आजोबा, भटूआबा, टोपी सारखी करत उठले आणि अहिराणीत म्हणाले,

"सर, दत्तक कोनले लेतस?"

"म्हणजे... ज्याला कुणी नाही, त्याला."

"आमना गावना मायबाप बठ्ठा जित्ता शेतस," आबा म्हणाले आणि खाली बसले.

सर्वेक्षण सुरू झालं. फॉर्मवर समस्यांचा एक रकाना होता आणि तो भरेना. संडास घरोघरी. सांडपाणी मुरवायचे शोषखड्डे घरोघरी. त्याला कारण द्रौपदाअक्का. सरपंच असताना त्या शोषखड्डा नसलेल्या घरी चहा घेत नसत, आणि अक्कांनी चहा नाकारलेल्या घराची सून आठ दिवस पाण्याला जाताना मान खाली घालून जाई. सहा महिन्यांत गाव खणून झालं होतं.

दुपारी सरांनी कोरे फॉर्म पाहिले. "समस्या नाही तर उपाय कसला? आणि उपाय नाही तर श्रेयांक कसले?"

"व्यसनाधीनता लिही ना," जळगावची डिंपल मृणालीच्या कानाशी लागली. "पथनाट्य तयार आहे. तीन वर्षं सगळ्या गावांत तेच चालतंय."

अक्का जवळच उभ्या होत्या. त्यांनाही नातीसारख्या पोरीची कीव आली. "लिखी दे वं काहीबी. तुन्हा निकाल अडकी जाई."

मृणालीने पेन टेकवलं. 'व्य' लिहिलं. समोर आबा बघत नसल्यासारखं दाखवत फॉर्मकडेच बघत होते. तिने 'व्य' खोडलं.

"नाही लिहिणार, सर. निकाल राहू द्या राखीव."

सरांचा चेहरा पडला. त्यांनाही वर अहवाल द्यायचा होता. मग अक्कांनीच मृणालीला विचारलं. "काय वं, तुन्हा कॉलेजमा त्या पाच इटा अजून शेतस का?"

"शेतस."

"हिना अॅडमिशनले मी उनथू. मन्ही एक चप्पल तठे डबकामाच शे." अक्का सरांकडे वळल्या. "समस्या तुमनाकडे शे, सर. उपाय आमनाकडे."

मृणालीने फॉर्म ओढला आणि समस्यांचा रकाना एका दमात भरला.

रविवारी जवखाण्याहून दोन गाड्या भरून कुदळी, पावडी, घमेली आणि माणसं कॉलेजात आली. अक्कांनी जागा आखली. छातीइतका खड्डा, खाली दगड, वर विटांचे तुकडे, मधोमध भोकं पाडलेलं पिंप. पोरांनी घमेली वाहिली. डिंपलच्या हाताला फोड आले आणि ते ती दिसेल त्याला दाखवत सुटली. सरांनी पँट दुमडली. चारच्या सुमाराला पाणी सोडलं, ते गडगड करत पिंपात गेलं आणि दिसेनासं झालं. त्या पाच विटा कोरड्या जमिनीवर वेड्यासारख्या दिसू लागल्या.

आवाज ऐकून, रविवारीही ऑफिसात बसलेले प्राचार्य खाली आले. फोटो निघाले. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"कॉलेज जरा मांगे पडेल शे," आबा म्हणाले. "हरकत नही. आम्ही ते दत्तक लिधं."

मृणाली फॉर्म घेऊन पुढे झाली. 'दत्तक घेणारी संस्था' इथे तिने 'जवखाणे' लिहिलं होतं आणि 'लाभार्थी' इथे कॉलेजचं नाव. सरांनी वाचलं, घाम पुसला आणि मुकाट्याने शेरा मारला : 'श्रेयांक देण्यास पात्र'. लाभार्थ्याच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

प्राचार्यांनी खिसे चाचपले. पेन वर राहिलं होतं.

आबांनी कोटाच्या खिशातून ग्रामपंचायतीचं शाईचं पॅड काढून अदबीने पुढे धरलं. "अंगठा बी चाली, साहेब. लाजू नका."

मृणालीने आपलं पेन दिलं. प्राचार्यांनी सही केली. शाई ओली होती. ती वाळेपर्यंत मृणाली फॉर्म दोन्ही हातांत धरून आबांच्या शेजारी उभी राहिली, फोटोत उभं राहतात तशी. फोटो कधीचेच काढून झाले होते.